सरकारी कोठार उघडणारे दामाजीपंत

दख्खनमध्ये मोठ्या दुष्काळांना नावे पडत आली आहेत. १३९६ मध्ये सुरू होऊन बारा वर्षे रेंगाळला असे सांगितले जाते, तो दुष्काळ दुर्गादेवीचा म्हणून ओळखला गेला. त्यात गावेच्या गावे ओस पडली आणि शेतांच्या बांधांची ओळखही पुसली गेली. त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी, म्हणजे १४६० च्या आसपास, पावसाने पुन्हा पाठ फिरवली. या वेळच्या दुष्काळाला मात्र लोकांनी देवीचे नाव दिले नाही, संवत्सराचेही दिले नाही. त्याला नाव पडले ते बहामनी राज्याच्या एका महसुली अधिकाऱ्याचे. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांनीही दामाजीपंतांचा दुष्काळ अशीच त्याची नोंद केली. माणसे मारणाऱ्या आपत्तीला माणसे जगवणाऱ्याचे नाव मिळावे, असे उदाहरण विरळाच.

दामाजीपंतांचे ठाणे मंगळवेढे. सोलापूरच्या नैर्ऋत्येस सुमारे पंचावन्न किलोमीटरवर आणि पंढरपूरच्या आग्नेयेस जेमतेम पंचवीस किलोमीटरवर वसलेले हे गाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. पण त्याचा इतिहास तालुक्याच्या मानाने फार मोठा. बाराव्या शतकात कलचुरी घराण्याची राजधानी येथे होती. बिज्जलाच्या सेवेत महात्मा बसवेश्वर प्रथम रुजू झाले ते येथेच, आणि तेही हिशेबनीस म्हणून. चोखोबांचा अंत याच गावात झाला. १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली जी वेठीची माणसे गाडली गेली, त्यांत चोखोबा होते. कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. ज्या बेदरच्या दरबारातून तिला बोलावणे आले आणि ज्याच्या भयाने तिने पंढरीच्या विठोबाच्या पायाशी देह ठेवला, त्याच दरबाराचे दामाजीपंत नोकर होते. संतांची भूमी असे मंगळवेढ्याचे वर्णन नेहमी केले जाते. ते खरेच आहे. पण या संतांच्या कथा नीट पाहिल्या तर प्रत्येकीच्या पाठीमागे राजसत्तेची काही ना काही मागणी उभी दिसते. कोणाकडून वेठ, कोणाकडून देह, कोणाकडून हिशेब.

गावाभोवतीची जमीन खोल, काळी, भेगाळणारी. भीमा आणि माण या नद्यांच्या टापूतील या शिवाराला ज्वारीचे कोठार म्हणतात, आणि येथील मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ही ज्वारी रब्बीची. परतीच्या पावसाने जमिनीत मुरवलेल्या ओलीवर ती पेरायची आणि पुढे थंडी-दवावर वाढवायची. पेरणीनंतर पाऊस नसला तरी पीक हाती लागते. पण पेरणीपूर्वीचा पाऊसच चुकला तर हेच शिवार काही देत नाही. घाटाच्या पर्जन्यछायेत पडणाऱ्या या प्रदेशाला वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस मिळतो, तोही लहरी. चांगल्या वर्षी एवढे धान्य की ठेवायला जागा नाही, आणि वाईट वर्षी काहीच नाही, अशी येथील शेतीची रीत. म्हणून येथे साठवणीला शेतीइतकेच महत्त्व आले. जमिनीत खोल, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असे पेव खणायचे, त्याला आतून काडाचे अस्तर द्यायचे, धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकायचे. अशा पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नसते. कोंडलेली वाफ बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर उतरणारा माणूस गुदमरून जातो.

सरकारी सारा धान्याच्या रूपाने वसूल होई तेव्हा तो अशाच पेवांत आणि अंबारखान्यांत साठे. या धान्याचा रखवालदार आणि हिशेबाचा धनी म्हणजे ठाण्यावरचा अधिकारी. कोणी दामाजीपंतांना मामलेदार म्हणतात, कोणी ठाणेदार. नाव काही असो, काम एकच होते. रयतेकडून राजाचा वाटा वसूल करणे, तो सांभाळणे आणि बेदरहून हुकूम येईल त्याप्रमाणे पाठवणे. धान्य वाटण्याचा अधिकार या कामात कोठेच बसत नव्हता.

बहामनी राज्याची राजधानी अहमदशहाने गुलबर्ग्याहून बेदरला हलवली होती. मंगळवेढ्यापासून हे शहर दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. परंपरा ज्या वर्षाशी हा दुष्काळ जोडते त्या १४६० साली बेदरच्या तख्तावर हुमायूनशहा होता. १४५८ ते १४६१ एवढीच त्याची कारकीर्द. पण तेवढ्यात त्याने इतिहासात जालीम हे विशेषण कमावले. राज्याची व्यवस्था लावणारा वजीर महमूद गवान याच काळात पुढे आला. पुढे त्याने चार तर्फांच्या आठ तर्फा केल्या, जमिनीची मोजणी करवली, किल्लेदारांचे आणि सरदारांचे अधिकार छाटले, आणि अखेर १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून त्याच दरबाराने त्याचे मस्तक उडवले. सांगायचे ते एवढेच, की ठाण्यावरच्या माणसाने स्वतःच्या मर्जीने सरकारी माल वाटला तर तो अपराध किरकोळ समजला जाण्याचे हे दिवस नव्हते.

दामाजीपंतांच्या कथेला आज जो आकार आहे तो दिला महिपतींनी, १७६२ च्या भक्तिविजयात. घटनेनंतर तीन शतकांनी लिहिलेले हे चरित्र आहे. ते वाचताना महिपती कोण होते हे लक्षात ठेवले तर अनेक गोष्टी उलगडतात. राहुरीजवळच्या ताहराबादचे हे कुलकर्णी. पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई कामासाठी बोलवायला आला आणि पूजा अर्धी टाकून जावे लागले. परत आल्यावर त्यांनी सरकारी कामाची लेखणी कायमची खाली ठेवली, असे त्यांच्याविषयी सांगतात. दप्तर काय असते, वरिष्ठाचा निरोप काय असतो, हिशेबात चूक निघाली म्हणजे पोटात कसा गोळा येतो, हे या लेखकाला आतून ठाऊक होते. भक्तिविजयात संत पुष्कळ आहेत. पण दामाजीपंतांच्या प्रकरणात कारकुनी जगाची जी जाण दिसते ती उसनी वाटत नाही.

महिपतींच्या कथेत प्रसंगाला सुरुवात होते ती एका पाहुण्याच्या जेवणाने. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण मंगळवेढ्यास येतो. दामाजीपंत त्याला घरी जेवायला बसवतात. पुढ्यात पान वाढलेले पाहून त्या माणसाच्या डोळ्यांना धारा लागतात, कारण घरी त्याची बायकामुले उपाशी आहेत. पंत त्याला जेवू घालतात आणि घरच्यांसाठी धान्य देऊन पाठवतात. ते धान्य पंढरपुरास पोहोचते तोच भुकेलेली माणसे त्यावर तुटून पडतात. मंगळवेढ्यास धान्य आहे ही बातमी मग लपत नाही. दुष्काळात अशा बातमीला पाय फुटतात. पंढरपूरची, आसपासच्या गावांची माणसे थव्याथव्याने ठाण्याच्या दारात येऊन उभी राहतात.

एका माणसाला आपल्या ताटातले देणे हा दयेचा भाग झाला. त्यात जोखीम नाही. दारात हजार माणसे उभी राहिली की प्रश्नाचे स्वरूपच बदलते, कारण तेथे पदरचे पुरत नाही. एका बाजूला सरकारी पेवे भरलेली, दुसऱ्या बाजूला माणसे मरायला टेकलेली, आणि किल्ली आपल्या हातात. बेदरला विचारणा करावी तर जासूद जाऊन परत येईपर्यंत निम्मी माणसे उरणार नाहीत. आणि विचारूनही परवानगी मिळेलच असे नाही. दामाजीपंतांनी विचारले नाही. त्यांनी पेवे उघडली आणि धान्य वाटून टाकले. आपला एक जीव गेला तरी इतके जीव वाचतील, असा सरळ हिशेब त्यांनी केल्याचे महिपती सांगतात. रांगेत उभ्या असलेल्यांत कोण सारा भरणारे आणि कोण न भरणारे, कोण गावचे आणि कोण परगावचे, याची यादी झाल्याचे कथेत नाही.

या धान्याविषयी एक गोष्ट कीर्तनात सहसा सांगितली जात नाही. पेवातली ज्वारी बादशहाने पिकवलेली नव्हती. ज्यांच्या शिवारातून ती सारा म्हणून उचलली गेली, तेच लोक किंवा त्यांचेच भाऊबंद आता ती मागायला आले होते. दामाजीपंतांनी सरकारी धान्य लुटवले, ही तक्रार खरी. पण ते धान्य सरकारी झाले होते तेही फार दिवसांपूर्वी नव्हे.

तक्रार व्हायचीच होती, आणि ती झाली ती कचेरीतूनच. पंतांच्या हाताखालच्या मुजुमदाराने बेदरला लिहून कळवले. मुजुमदार म्हणजे जमाखर्च तपासणारा. तो दुष्ट होता असे कथेत गृहीत धरले आहे, आणि पंतांची जागा आपल्याला मिळावी हा त्याचा हेतूही सांगितला आहे. हेतू काही असो, त्याने कळवलेली बातमी खोटी नव्हती. कोठार रिकामे झाले होते आणि त्याबद्दल खजिन्यात काही जमा नव्हते. आजच्या भाषेत लेखापरीक्षणाचा आक्षेप बिनतोड होता. बादशहाने शिपाई धाडले. धान्याची किंमत तरी भरा, नाहीतर शिक्षेला तयार व्हा, असा प्रकार.

पंतांना घेऊन शिपाई निघाले, आणि वाटेत पंढरपुरास विठोबाचे दर्शन घेण्याची त्यांची विनंती शिपायांनी मान्य केली, असे कथा सांगते. नकाशा पाहिला तर हे जरा गमतीचे आहे. बेदर मंगळवेढ्याच्या पूर्वेला आणि पंढरपूर वायव्येला. वाटेत म्हणजे अगदी उलट दिशेला. पण वारकऱ्याच्या मनात कोणत्याही गावाहून कोठेही जाणारी वाट पंढरपुरावरूनच जाते, त्याला कोण काय करणार! देवळात पंतांनी निरोपाचे दर्शन घेतले. आपण परत येऊ असे त्यांना वाटत नव्हते.

याच सुमारास बेदरच्या दरबारात एक महार येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अंगावर फाटके वस्त्र. मंगळवेढ्याहून दामाजीपंतांनी पाठवले आहे असे सांगून त्याने जवळच्या पिशवीतून नाणी ओतायला सुरुवात केली. लहानशी पिशवी काही रिकामी होईना. धान्याची पुरेपूर किंमत मोजून झाली, तेव्हा त्याने रक्कम भरल्याची पावती मागितली, शिक्कामोर्तब करून घेतली आणि तो निघून गेला. नाव त्याने विठू असे सांगितले होते. ती पावती पुढे दामाजीपंतांना आपल्या नित्यपाठाच्या गीतेच्या पोथीत सापडली. पंत बेदरला पोहोचले तेव्हा बादशहा त्यांना शिक्षा करायला नव्हे, तर त्या विठूला पुन्हा एकदा भेटवा म्हणून विनवायला सामोरा आला.

हा चमत्कार मराठी मनात इतका खोल रुजला आहे की विठू महार हे दामाजीपंतांच्या नावाचे जणू दुसरे अंगच झाले. कीर्तनांतून, भारुडांतून, नाटकांतून, पुढे चित्रपटांतून तो पुन्हा पुन्हा दरबारात येऊन उभा राहिला. पण भाविकतेच्या पलीकडे जाऊन पाहिले तर या कथेची दोन वैशिष्ट्ये विचार करायला लावतात.

पहिले म्हणजे देव येथे बादशहाला शिक्षा करत नाही, शिपायांना आंधळे करत नाही, पंतांना बेड्यांतून अलगद सोडवूनही नेत नाही. तो पैसे भरतो. कोठार पुन्हा धान्याने भरून देणे त्याला अशक्य नव्हते. पण तो किंमत मोजतो आणि पावती घेतो. त्याच मंगळवेढ्यात नोकरीला सुरुवात केलेल्या बसवेश्वरांविषयी तीनशे वर्षे आधीची अशीच एक कथा बसवपुराणात आहे. जंगमांवर खजिना उधळल्याचा आरोप त्यांच्यावर आला, बिज्जलाने तपासणी केली, आणि खजिना मोजून पुरा भरला. दोन्ही कथांत आरोप एकच, उत्तरही जवळजवळ तेच. पण बसवेश्वरांच्या कथेत पैसा कमी झालेलाच नसतो, तर दामाजीपंतांच्या कथेत तो खरोखर खर्च झालेला असतो आणि कोणाला तरी तो भरून द्यावा लागतो. महिपतींच्या कथेला राज्याचा हिशेब खोटा ठरवायचा नाही. भुकेलेल्याला दिलेले धान्य खर्ची पडले हे ती मान्य करते. फक्त ही तूट दामाजीपंतांच्या मानेवर बसू नये, एवढीच तिची तजवीज. मात्र त्यामुळे एक गोष्ट सुटून गेली. रयत मरत असताना धान्य देणे हे राज्याचेच काम होते की नाही, हा प्रश्न बेदरच्या दरबारात कोणी विचारलाच नाही. बादशहाला त्याची रक्कम पुरी मिळाली; दुष्काळाचा खर्च सरकारी खात्यावर कधी पडलाच नाही.

दुसरे वैशिष्ट्य देवाने घेतलेल्या रूपाचे. गावकीच्या व्यवस्थेत सरकारी रक्कम ठाण्यावर पोहोचवणे, निरोप नेणे, वाटसरूला वाट दाखवणे ही कामे महाराकडे असत. भरणा घेऊन जाणारा महार हे दृश्य दरबाराला नवे नव्हते. म्हणूनच कथेत कोणी त्याला अडवत नाही. पण ज्या गावात गावकुसाखाली चोखोबा चिरडले गेले, आणि ज्यांना पंढरपुरात देवळाच्या पायरीपलीकडे जाता आले नाही, त्याच परिसराच्या कथेत देव महाराचे रूप घेतो, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. महार समाजाच्या परंपरेत गावकीचे बावन्न हक्क बेदरच्या बादशहाने दिले अशी आठवण जपली गेली आहे. ती आठवण अमृतनाकाच्या पराक्रमाशी जोडलेली आहे, तशीच विठू महाराच्या भरण्याशीही. ज्यांच्या वाट्याला वेठ आणि शिळे अन्न आले, त्यांनी त्या मिळकतीला दान न म्हणता हक्क म्हटले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. याच वतनाच्या जोखडातून आपला समाज बाहेर पडावा म्हणून विसाव्या शतकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना झगडावे लागले.

बेदरहून सन्मानाने परतलेल्या दामाजीपंतांनी नोकरी सोडली. आपल्यासाठी देवाला दरबारात उभे राहावे लागले याची खंत त्यांना लागली, आणि उरलेले आयुष्य त्यांनी पंढरीच्या सान्निध्यात भक्तीत घालवले, असे चरित्रकार सांगतात. भाविकांच्या दृष्टीने ही परिपूर्ती. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर, दुष्काळात कोठार उघडण्याची छाती असलेला अधिकारी त्या ठाण्यावर पुन्हा राहिला नाही. दख्खनमध्ये अवर्षण काही थांबले नाही. १४७० नंतरच्या वर्षांत पुन्हा एवढा भीषण दुष्काळ पडला की दोन वर्षे पेरणीच झाली नाही, असे फरिश्ता लिहितो.

दामाजीपंतांनी एकट्याच्या जबाबदारीवर सोडवलेला प्रश्न सरकारदप्तरी यायला चारशे वर्षांहून अधिक काळ लागला. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. मंगळवेढे तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हते. ते पटवर्धनांच्या सांगली संस्थानाचा तालुका होते आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत तसेच राहिले. पण पाऊस काही संस्थानची हद्द पाहून पडत नाही. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी खाली ओढली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत एक भेद स्पष्ट केला गेला. ज्याला काम करता येते त्याला दुष्काळी कामावर मजुरी. आणि म्हातारा, आंधळा, पांगळा, दुखणाईत अशा काम न करू शकणाऱ्याला गावातच, काम न घेता मदत. यादी करायची, तपासायची आणि वाटप करायचे. सरकारी मदतीच्या कागदावर वृद्ध आणि अपंग हा वेगळा वर्ग झाला तो येथे.

स्वतंत्र महाराष्ट्रातही घडामोडी याच क्रमाने झाल्या. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने लाखो हातांना काम दिले आणि पुढे तिला कायद्याचे बळ मिळाले. पण खडी फोडायला हात लागतात. ज्याच्या हातात हातोडा पेलत नाही, त्याला हमी कशाची? बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, ती अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले, निराधार विधवा, परित्यक्ता, अनाथ अशांसाठी. पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली. १९९५ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय सामाजिक साहाय्य सुरू झाले. त्यातील वृद्धांचे निवृत्तिवेतन तेव्हा महिना ७५ रुपये होते, २००६ मध्ये ते २०० झाले, आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा त्यानंतर वाढलाच नाही. राज्याने आपल्या बाजूने भर घालत २०२३ मध्ये मासिक मदत दीड हजारावर नेली, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती अडीच हजार करण्याचा निर्णय घेतला.

या योजनांचे काम चालते ते तहसील कचेरीत. म्हणजे मंगळवेढ्यात आज दामाजीपंतांच्या खुर्चीचा वारसदार जो कोणी असेल, त्याच्याच दप्तरात. खात्याची भाषा आता अंबारखान्याची नाही. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, चाळीस टक्क्यांहून कमी नसलेल्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र, मग समितीची मंजुरी, आणि दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला. निराधार वृद्धाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत हवे, ही अट दीर्घकाळ कायम राहिली. म्हणजे सगळ्या घराचे मिळून महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात घर चालते असे लिहून देताना देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही हात थोडा अडखळत असणार. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हातारीला यंत्र ओळखत नाही, मुलगा नावापुरता कमावता असल्याने बापाचा अर्ज मागे पडतो, अनुदान खात्यावर यायला महिने लोटतात, या तक्रारी राज्यातील कोणत्याही तालुक्याला अनोळखी नाहीत. नियम चुकीचे आहेत असे नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवावाच लागतो, आणि यादीत खोटी नावे घुसली तर खऱ्याचा घास जातो. मुजुमदाराचे कामही कोणीतरी करायलाच हवे. पण त्या जुन्या कथेत पावती मागितली गेली ती धान्य देणाऱ्याकडून; घेणाऱ्यांकडून कोणी काही लिहून घेतल्याचा उल्लेख नाही.

भरलेले कोठार आणि उपाशी माणूस हा पेच तर बेदरच्या बादशाहीबरोबर संपलाही नाही. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ असताना अन्न महामंडळाची गोदामे धान्याने ओसंडत होती. माणसे भुकेने मरत असताना हे धान्य त्यांना का मिळू नये, असा प्रश्न घेऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. शाळेतील माध्यान्ह भोजन, अंत्योदय, वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या निराधार वृद्धांना महिना दहा किलो मोफत धान्य देणारी अन्नपूर्णा, या योजना त्या आदेशाने हक्काच्या ठरल्या. सरकारची मेहेरबानी म्हणून त्या मागे घेता येणार नाहीत, असा त्याचा अर्थ. २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. बेदरच्या दरबारात न विचारला गेलेला प्रश्न दिल्लीत विचारला गेला तो असा, आणि या वेळी रक्कम भरायला कोणा विठूला यावे लागले नाही.

मंगळवेढ्यात दामाजीपंतांचे मंदिर आहे. पंढरीला येणारे वारकरी सवड काढून तेथे डोके टेकवून जातात. गावातील महाविद्यालय त्यांच्या नावाचे, सहकारी साखर कारखाना त्यांच्या नावाचा, चौकही त्यांच्याच नावाचा. तालुक्याच्या दक्षिण भागातील गावे अजूनही पाण्यासाठी आभाळाकडे आणि उपसा सिंचनाच्या घोषणांकडे पाहत असतात. परतीचा पाऊस वेळेवर झाला की काळ्या शिवारात ज्वारीची पेरणी होते, आणि माघ-फाल्गुनात कणसे खळ्यावर येतात. पेवे आता फारशी कोणी भरत नाही. धान्य पोत्यांतून बाजार समितीत आणि गोदामांत जाते.